गावाजवळून गेलेल्या फायबर केबलवर भूकंप कसा पकडायचा: नवख्यांसाठी पायरीपायरीनं

राजेहो, आधी एक गोष्ट क्लिअर करून घेऊ, हा लेख भूकंपाचं भविष्य सांगायचा नाहीये. उद्या अमुक वाजता धक्का बसणार हे आज जगात कोणीच सांगू शकत नाही, आणि जो व्हॉट्सअॅपवर सांगतो त्याला ब्लॉक करून मोकळं व्हा. आपल्याला जे जमू शकतं ते वेगळं आहे. जमीन हलायला लागली की पहिल्या काही सेकंदात ते ओळखायचं, आणि मोठ्या लाटा दूरच्या गावी पोचायच्या आत तिथं निरोप धाडायचा. हे काम आजपर्यंत सिस्मोमीटर, म्हणजे जमिनीचं हलणं मोजणारी यंत्रं, करत आले, पण आता रस्त्याच्या कडेला गाडलेली इंटरनेटची फायबर केबलच त्यासाठी वापरता येते. ह्या पद्धतीला डिस्ट्रिब्युटेड अकूस्टिक सेन्सिंग म्हणतात, आपण पुढं डीएएस म्हणू.

हे कोणासाठी लिहिलंय तर सायन्स-इंजिनियरिंगची पोरं, फायबर जॉइंटिंग करणारे भाऊ, शाळा-कॉलेजचे मास्तर, आणि पंचायतीच्या नेटची कटकट सांभाळणारे ऑपरेटर. फिजिक्स बारावीपर्यंतचं पुरतं.

आपल्याकडं काहून?

"विदर्भात कुठं भूकंप येतो बा" हे वाक्य मी लय ऐकलंय. ४ डिसेंबर २०२४ ला सकाळी साडेसातच्या सुमाराला तेलंगणातल्या मुलुगू भागात ५.३ चा धक्का झाला आणि गडचिरोली, चंद्रपूरपासून नागपूरपर्यंत लोकांना तो जाणवला. त्याच वर्षी मार्चमध्ये हिंगोलीकडं ४.५ चा झाला. २०१८ च्या पावसाळ्यात मेळघाटात साद्राबाडीला जमिनीतून आवाज आणि बारके बारके धक्के येत होते तेव्हा लोकं रात्री घराबाहेर झोपले. १९९७ चा जबलपूरचा ५.८ चा होता. आणि ३० सप्टेंबर १९९३ चं किल्लारी तर सांगायची गरज नाही, तिथं पण त्याआधी लोकं हेच म्हणायचे की हा दख्खनचा पक्का खडक, इथं काय होणार.

म्हणजे आपण जपान नाही हे खरं, पण धक्के येतात, आणि सिस्मोमीटरची स्टेशनं एकमेकांपासून लांब लांब आहेत. त्यामुळं साद्राबाडीसारखे बारीक धक्के नेमके कुठून आले हे ठरवायला त्रास होतो. केबल मात्र गावोगाव गेलीय. भारतनेट आणि महानेटनं ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेली, त्यात बरेचदा २४ कोर, म्हणजे काचेच्या वेगवेगळ्या तारा, असतात आणि सगळे काही वापरात नसतात. जो कोर रिकामा पडलाय, ज्यात कोणाचा डेटा चालत नाही, त्याला डार्क फायबर म्हणतात. आपलं काम त्या रिकाम्या कोरशी.

हे चालतं कसं

फायबर म्हणजे केसासारखी बारीक काचेची तार. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात अणूंच्या पातळीवर बारीक असमानता असते, आणि लेझरचा पल्स सोडला की प्रत्येक ठिकाणाहून थोडा थोडा उजेड मागं फिरतो. दाट धुक्यात टॉर्च मारल्यावर उजेड आपल्याच तोंडावर येतो, तसं. ह्याला रॅले बॅकस्कॅटर म्हणतात. काचेत उजेडाचा वेग सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर, म्हणून परत आलेला उजेड किती वेळानं आला ह्यावरून तो किती मीटरवरून आला ते कळतं. ज्यांनी ओटीडीआर, म्हणजे फायबर तपासायचं मशीन, चालवलाय त्यांना हे नवीन नाही, केबल कुठं तुटली ते आपण असंच तर काढतो.

फरक पुढं आहे. ओटीडीआर उजेड किती आला एवढंच पाहतो, डीएएसचं मशीन, ज्याला इंटरोगेटर म्हणतात, ते उजेडाचा फेज पाहतं. जमीन हलली की केबल किंचित ताणते किंवा आखडते आणि त्या तुकड्यातून येणाऱ्या उजेडाचा फेज बदलतो. किती किंचित? १५५० नॅनोमीटरचा लेझर आणि १० मीटरचा तुकडा धरला तर फेजमध्ये १ रेडियनचा फरक म्हणजे त्या १० मीटरच्या लांबीत साधारण ०.१ मायक्रोमीटरचा फरक. आणि मशीन एक रेडियनच्या कितीतरी खालचा फरक वाचतं. असं दर काही मीटरला, सेकंदाला शेकडो वेळा. म्हणजे ४० किलोमीटरची एक केबल हजारो सेन्सरची रांग होते, आणि रस्त्यात कुठंही बॅटरी नाही, सोलर प्लेट नाही, चोरीला जाईल असं काही नाही. लागते ती फक्त एका टोकाला वीज.

हे नुसतं कागदावरचं नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कॅम्पसखालच्या केबलवर २०१६ पासून रेकॉर्डिंग झालं. २०१९ च्या रिजक्रेस्टच्या भूकंपानंतर कॅलटेकच्या लोकांनी तिथल्या डार्क फायबरवर आफ्टरशॉक पकडले. आइसलँडमध्ये ग्रिंडाविकजवळ १०० किलोमीटरच्या केबलवर ज्वालामुखीचा मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, जमिनीखाली सरकताना पाहिला. समुद्राखालच्या केबलवर तर वेगळीच पद्धत चालते. लॉस एंजेलिस ते चिलीतलं वाल्पराइसो ह्या १० हजार किलोमीटरच्या क्युरी केबलमध्ये चालू ट्रॅफिकच्या उजेडाचं पोलरायझेशन पाहूनच भूकंप दिसले, २०२१ ला ते छापून आलं. पण ती पद्धत पूर्ण केबलचा एकत्र हिशोब देते, आपल्याला पाहिजे तो मीटर-मीटरचा, म्हणून डीएएस.

पायरी १: परवानगी, आणि ती लेखी

रस्त्याकडेच्या चेंबरचं, म्हणजे केबलच्या खड्ड्याचं, झाकण उघडून "पाहू तर खरं" असं करू नका. केबल कोणाची तरी आहे, तिच्यावर पंचायतीचं, बँकेचं, दवाखान्याचं नेट चालू असतं. ज्या संस्थेची केबल तिच्याकडून एका डार्क कोरसाठी लेखी परवानगी, सोबत एखादं कॉलेज किंवा संशोधन संस्था पाहिजे, एकट्यादुकट्याला कोणी देत नाही आणि देऊ पण नये. भूकंपाच्या अभ्यासासाठी हैदराबादची एनजीआरआय, आणि देशभरच्या नोंदींसाठी दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र ही दोन नावं लक्षात ठेवा. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात काम असेल तर पोलिसांना आधी सांगा, रस्त्याच्या कडेला घण आणि जीपीएस घेऊन फिरणारी पोरं पाहून कोणालाही शंका येणारच.

आणि ग्रामसभेत सांगा. ही केबल भूकंपासोबत रस्त्यावरची गाडी, बैलगाडी, कधी कधी पायी चालणारा माणूस पण टिपते. कोणाची गाडी रात्री किती वाजता निघाली हे त्या डेटात दिसू शकतं. लोकांना हे माहीत असायला पाहिजे आणि कच्चा डेटा कोणाच्या हातात राहील हे ठरलेलं पाहिजे. मला तर ही गोष्ट लेझरपेक्षा महत्त्वाची वाटते, पण तांत्रिक लेखात ती कोणी लिहित नाही.

पायरी २: कोर निवडा आणि साफ करा

सगळ्या केबल सारख्या नाहीत. खांबावरून लटकत गेलेली असेल तर वारा आला की सगळं रेकॉर्डिंग वाऱ्याचं, ती सोडा. गाडलेली पाहिजे. डक्टमध्ये असली तरी चालते, थेट मातीत असली तर आणखी चांगलं. मधे स्प्लिटर नको, घरोघरी नेट वाटणाऱ्या लाईनमध्ये स्प्लिटर असतो आणि त्यात आपला मागं फिरणारा उजेड मरतो, शिवाय कोणत्या फांदीतून काय आलं ते कळत नाही. तालुक्यापासून पंचायतीपर्यंत सरळ गेलेला कोर शोधा.

मग ओटीडीआर मारा. १५५० नॅनोमीटरवर किलोमीटरला ०.२ डीबीच्या आसपास लॉस पाहिजे. एखाद्या जॉइंटवर अर्धा-पाऊण डीबी जात असेल तर तो जॉइंट परत करून घ्या, उजेड जाताना आणि येताना दोनदा मार खातो. आपल्या मार्गावरचे कनेक्टर हिरवे, म्हणजे एपीसी ठेवा. निळ्या कनेक्टरवरून उजेड आरशासारखा परत येतो आणि त्याच्या पुढचे काही मीटर मशीन आंधळं होतं. दूरच्या टोकाला पण हीच भीती, तिथं फायबरला पेन्सिलीवर घट्ट वेढे द्या, उजेड तिथंच सांडून जातो. प्रत्येक कनेक्टर लावायच्या आधी पुसा, आपल्याकडच्या धुळीत हे दहादा सांगितलं तरी कमी. आणि फायबरच्या टोकात डोळा घालून पाहू नका, हा लेझर डोळ्याला दिसत नाही पण डोळा खराब करतो.

पायरी ३: मशीन आणि खोली

इंटरोगेटर महाग आहे, साधारण कोटीच्या घरातलं काम. विकत घ्यायचा विचार सोडा, संस्थेकडून काही महिन्यांसाठी मिळवायचा प्रयत्न करा. मिळेपर्यंत वेळ वाया जात नाही, जगातले बरेच ग्रुप त्यांचा डीएएस डेटा फुकट देतात, पबडास नावाच्या साठ्यात बऱ्याच जागांचा आहे. तो उतरवा, पायथनवर डासकोर आणि ऑब्स्पाय ह्या दोन लायब्ररी टाका, आणि खरे भूकंप कसे दिसतात ते डोळ्याखालून घाला. जे पोट्टे हे आधी करून येतात त्यांना मशीन आल्यावर काही शिकवावं लागत नाही.

खोलीबद्दल आता. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो आणि पंचायतीच्या पत्र्याच्या खोलीत लेझर टिकणार नाही, एसी पाहिजे. लाईट जाणार हे धरूनच चाला, यूपीएस पाहिजे आणि तो मशीन व कॉम्प्युटर दोन्हीला पुरला पाहिजे. जनरेटर असेल तर खोलीपासून लांब, कारण इंटरोगेटर स्वतः हललं तर त्याला वाटतं सगळी केबलच हलली. मशीन जमिनीवर, जाड रबरावर ठेवा, टेबलावर नको, दार आपटलं तरी दिसतं. छतावर जीपीएसचा अँटेना लावा, वेळ त्यावरून घ्यायची. भूकंपाच्या हिशोबात सेकंदाची चूक म्हणजे सहा किलोमीटरची चूक.

पायरी ४: सेटिंग

इथं नवखे लोक लय घाबरतात. आकडे चारच आहेत.

गेज लेंथ म्हणजे किती लांबीच्या तुकड्याचा ताण एकत्र मोजायचा, भूकंपासाठी १० मीटरपासून सुरू करा. लहान केली तर जागा नेमकी कळते पण सिग्नल कमजोर, मोठी केली तर उलट. चॅनल स्पेसिंग म्हणजे किती मीटरला एक रीडिंग, ४ मीटर ठीक. पल्स रेट म्हणजे सेकंदाला किती पल्स, ह्याला वरची मर्यादा आहे कारण पहिला पल्स टोकापर्यंत जाऊन परत आल्याशिवाय दुसरा सोडता येत नाही. ४० किलोमीटरच्या केबलला जाऊन येऊन ८० किलोमीटर, म्हणजे ०.४ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त २५०० पल्स. चौथा आकडा साठवायचा सॅम्पल रेट. आपल्याला लागणारे भूकंपाचे सिग्नल बहुतेक १ ते २० हर्ट्झमध्ये असतात, म्हणून फिल्टर लावून सेकंदाला २०० रीडिंगवर आणून साठवा.

तरी डेटा किती होतो पाहा. २० किलोमीटर, ४ मीटरला एक म्हणजे ५ हजार चॅनल, गुणिले २००, गुणिले ४ बाइट. सेकंदाला ४ एमबी, दिवसाला साधारण ३४५ जीबी. महिन्याला १० टीबीच्या वर. आपल्या गावच्या नेटवर हे क्लाउडला टाकायचं स्वप्न पाहू नका. शेवटच्या आठवड्याचा कच्चा डेटा डिस्कवर फिरता ठेवा, जुना आपोआप पुसला जाईल, आणि जिथं काही घडलं तेवढाच कापून कायमचा ठेवा. हिशोब त्याच खोलीतल्या कॉम्प्युटरवर करायचा, बाहेर जाईल तो फक्त निष्कर्ष.

पायरी ५: टॅप टेस्ट, म्हणजे खरं काम

आता जे सांगतो ते नीट वाचा, कारण मशीन लावून दोन दिवसात स्क्रीनवर रंगीत चित्र दिसायला लागतं आणि सगळ्यांना वाटतं झालं. झालेलं काहीच नसतं. मशीनला फक्त एवढं माहीत असतं की चॅनल ३१२०. तो चॅनल ३१२० जमिनीवर कुठं आहे, नाल्याच्या पुलावर आहे का कापसाच्या वावराच्या कडेला आहे, हे मशीन सांगत नाही. कंपनीचा नकाशा पण सांगत नाही, कारण नकाशात केबल सरळ रेषेत असते आणि खोदणाऱ्यानं मधे आलेलं लिंबाचं झाड पाहून ती वळवलेली असते.

शिवाय प्रत्येक चेंबरमध्ये पुढच्या दुरुस्तीसाठी केबलचे वेढे ठेवलेले असतात. २० मीटरचा वेढा असेल तर ४ मीटरच्या हिशोबानं पाच चॅनल एकाच खड्ड्यात बसलेत आणि पुढचे सगळे चॅनल जमिनीवरच्या अंतरापेक्षा २० मीटरनं सरकले. असे पंधरा चेंबर आले की ३०० मीटरचा घोळ. आणि नळीच्या आत फायबर केबलपेक्षा किंचित लांब असतेच, तो फरक वेगळा.

म्हणून बाहेर पडा. एकानं खोलीत स्क्रीनसमोर बसायचं, दोघांनी घण आणि जीपीएस घेऊन केबलच्या मार्गावर चालायचं. दर १००-२०० मीटरला, प्रत्येक वळणावर, प्रत्येक चेंबरजवळ, पुलाच्या दोन्ही टोकांना थांबायचं, जमिनीवर घणाचे पाच ठोके सारख्या अंतरानं मारायचे, फोनवर वेळ सांगायची. खोलीतला पाहतो की कोणत्या चॅनलवर पाच ठिपके सगळ्यात ठळक आले. वहीत लिहायचं: चॅनल, अक्षांश-रेखांश, माती कशी, केबल कशात आहे, जवळ काय आहे. हे काम पहाटे करा, रहदारी कमी असते आणि ऊन पण नाही.

सोबत गावातला एक जुना माणूस घ्या, ज्यानं केबल गाडताना पाहिलंय. काकाजी, इथून लाईन कशी गेली, एवढं विचारलं की तो सांगतो की ह्या नाल्याजवळ खडक लागला म्हणून वरवर टाकली, त्या शाळेजवळ रस्ता रुंद केला तेव्हा उचलून पलीकडं नेली. ही माहिती कोणत्याही ऑफिसात मिळत नाही. मी तर म्हणतो की चांगला चॅनल नकाशा आणि साधं मशीन हे भारी मशीन आणि कच्च्या नकाशापेक्षा कधीही बरं.

आपल्या मातीचं एक वेगळं प्रकरण आहे. पश्चिम विदर्भातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. केबलला माती घट्ट धरून असेल तर जमिनीचा ताण केबलपर्यंत पोचतो, भेग पडून माती सुटली की पोचत नाही. म्हणजे ऑगस्टमध्ये चांगला चालणारा चॅनल एप्रिलमध्ये मुका होऊ शकतो, आणि तुम्ही मशीनला दोष देत बसता. टॅप टेस्ट एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा एप्रिल-मेमध्ये, अशी वर्षातून दोनदा करा. पूर्वेकडं जिथं मुरूम आणि खडक वर आहे तिथं हा त्रास कमी.

पायरी ६: गावाचा आवाज ओळखा

भूकंप शोधायच्या आधी पहिले काही आठवडे फक्त जे भूकंप नाही ते शिका. स्क्रीनवर आडव्या अक्षावर चॅनल म्हणजे अंतर, उभ्या अक्षावर वेळ. ह्याला वॉटरफॉल प्लॉट म्हणतात.

ट्रॅक्टर तिरप्या रेषेसारखा दिसतो, हळू हळू एका चॅनलवरून दुसऱ्यावर सरकत जातो. एसटी जरा वेगात. रेल्वे लाईन जवळ असेल तर जाड तिरपा पट्टा, तासाला १०० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला २८ मीटर. भूकंपाची लाट खडकात सेकंदाला हजारो मीटर जाते, म्हणून २० किलोमीटरची केबल ती काही सेकंदातच पार करते आणि चित्रात जवळपास आडवी रेष उमटते, थोडी वाकलेली. हा वेगाचा फरक हेच तुमचं मुख्य हत्यार.

विहिरीवरची मोटर एकाच जागी, तासन्‌तास, ५० हर्ट्झच्या जरा खाली गुणगुणते. आणि ती कधी चालणार हे थ्री फेज लाईट कधी येते त्यावर, म्हणजे कधी कधी पूर्ण रात्र. रात्री शांत असेल असं पुस्तकात लिहिलेलं असतं, ते आपल्या रब्बीला लागू नाही. कापसाच्या सीझनमध्ये जिनिंगजवळचे चॅनल तर सोडूनच द्या.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे ब्लास्टिंग. चंद्रपूर, वणी, उमरेडकडं कोळशाच्या उघड्या खाणी आहेत, बाकी ठिकाणी गिट्टी खदानी, आणि ब्लास्ट म्हणजे जमिनीतून खरीच लाट येते, वेग पण खराच. ओळखायचं कसं? ब्लास्ट दिवसाउजेडी होतो, एकाच जागेवरून होतो, बरेचदा ठरलेल्या वेळेच्या आसपास, आणि वरवरचा असल्यामुळं मागून येणाऱ्या पृष्ठभागावरच्या लाटा जास्त ठळक असतात. खाणीच्या ऑफिसकडून ब्लास्टच्या वेळा मागून घ्या. आणि ह्या ब्लास्टचा फायदा पण आहे, जागा आणि वेळ माहीत असलेला धक्का फुकटात मिळतो, तुमची सिस्टिम त्याची जागा बरोबर काढते का ते तपासून पाहा.

अजून एक, ह्याच्यात बहुतेक नवखे फसतात. कधी कधी सगळ्या चॅनलवर अगदी एकाच क्षणी, एका सॅम्पलचाही फरक न पडता, रेष उमटते. तो भूकंप नाही, ते मशीनला बसलेलं हादरं आहे, दार आपटलं किंवा एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला. खरी लाट कितीही वेगात असली तरी तिला केबलच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जायला काहीतरी वेळ लागतोच. उपाय सोपा, प्रत्येक क्षणाला सगळ्या चॅनलचा मधला आकडा म्हणजे मीडियन काढायचा आणि सगळ्यांतून वजा करायचा.

पायरी ७: आपोआप ओळखणं

सुरवात एसटीए-एलटीए नावाच्या जुन्या युक्तीनं करा. शेवटच्या १ सेकंदाची सरासरी ऊर्जा भागिले शेवटच्या ३० सेकंदाची, हा भागाकार ३-४ च्या वर गेला की त्या चॅनलनं हात वर केला. एका चॅनलच्या हात वर करण्याला काही किंमत नाही, तिथं म्हैस बसली असेल. पण लागून असलेल्या शेकडो चॅनलनी एकामागं एक, हजारो मीटर सेकंदाच्या वेगाशी जुळेल अशा क्रमानं हात वर केले तर मात्र पाहायला लागतं. पुढं फेजनेट-डीएएससारखं मशीन लर्निंग वापरता येतं, पण आधी साधं चालवा, नाहीतर चूक कुठं होते ते कळणार नाही.

दोन मर्यादा माहीत असू द्या. केबल फक्त तिच्या लांबीच्या दिशेचा ताण मोजते. बाजूनं काटकोनात येणारी पहिली लाट, जिला पी लाट म्हणतात, केबलला जवळपास दिसतच नाही, आणि ६० अंशाच्या कोनात आली तर चौथाईच दिसते. म्हणून सरळ गेलेल्या केबलपेक्षा वळणं घेत गेलेली बरी, आपल्याकडच्या रस्त्यांच्या कृपेनं ती मिळतेच. दुसरं म्हणजे जवळचा मोठा धक्का आला तर फेज इतक्या जोरात बदलतो की मशीनचा मोजणीचा हिशोब चुकतो, ताण किती हे सांगता येत नाही. म्हणून मार्गावर एक-दोन साधे सिस्मोमीटर पण लावा, रास्पबेरी शेकसारखं स्वस्तातलं चालेल, केबलच्या आकड्यांना ताळा मिळतो.

पायरी ८: किती वेळ मिळतो ते आधीच मोजून ठेवा

पी लाट सेकंदाला साधारण ६ किलोमीटर, तिच्या मागून येणारी, जास्त हलवणारी एस लाट साधारण साडेतीन. दोघींमधलं अंतर सेकंदात मोजा, गुणिले ८ करा, भूकंप किती किलोमीटरवर ते अंदाजे निघतं.

मुलुगूचाच धक्का घ्या. तिथून सिरोंचा सरळ रेषेत ५०-५५ किलोमीटर, गडचिरोली शहर १९० च्या आसपास. समजा सिरोंच्याला अशी केबल असती. पी लाट तिथं साधारण ९ सेकंदात पोचली असती, ओळखायला ५ सेकंद धरा, म्हणजे १४ व्या सेकंदाला निरोप निघाला. एस लाट गडचिरोलीला पोचते ५४-५५ व्या सेकंदाला. म्हणजे ४० सेकंद हातात, शाळेतली पोरं बाकाखाली जाऊ शकतात. पण सिरोंच्याला स्वतःला एस लाट १५ व्या सेकंदालाच भेटते, तिथं काहीच मिळत नाही. जिथं केबल आहे तिथल्याच लोकांना इशारा मिळेल असं कोणी सांगत असेल तर त्याला हा हिशोब दाखवा. तुमच्या केबलचा फायदा पुढच्या गावांना, आणि तुम्हाला फायदा पाहिजे तर शेजारच्या तालुक्यात केबल पाहिजे. तालुक्यातालुक्यांनी एकमेकांशी बोलायचं कारण हेच.

पायरी ९: भोंगा लगेच लावू नका

पहिलं पूर्ण वर्ष फक्त कोरडी तालीम. सिस्टिम म्हणते "भूकंप", तुम्ही राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या यादीशी, त्यांच्या भूकंप अॅपवर, ताडून पाहता. किती बरोबर, किती खोटे, किती सुटले, हे रजिस्टरमध्ये लिहा. त्यांच्या यादीत नसलेला बारीक धक्का तुम्हाला दिसला तर लगेच नाचू नका, आधी ब्लास्टच्या वेळा पाहा, मग दुसऱ्या केबलवर किंवा सिस्मोमीटरवर दिसला का पाहा, मग त्यांना कळवा.

गावच्या ग्रुपवर टाकणं तर अजिबात नाही. एकदा खोटा इशारा गेला आणि लोकं रात्री लेकरंबाळं घेऊन बाहेर बसले की दुसऱ्यांदा खरा इशारा पण कोणी ऐकणार नाही. लोकांपर्यंत निरोप न्यायचा अधिकार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा आहे. तलाठी, तहसीलदार ह्यांना पहिल्या दिवसापासून सोबत ठेवा, आणि निरोप कोण कोणाला, कशानं देणार हे कागदावर ठरवा. मोबाईल टॉवरची लाईट गेली तर काय, ह्याचंही उत्तर त्या कागदावर पाहिजे.

पायरी १०: जेसीबी

हसू नका, ही सगळ्यात जास्त वेळा लागणारी पायरी आहे. नळयोजना, रस्ता, नाली, काही ना काही कारणानं खोदकाम होतं आणि केबल तुटते. डीएएस चालू असेल तर तुटण्याच्या आधीच जेसीबीचं खोदणं स्क्रीनवर दिसतं, एकाच जागी, जोरात, थांबून थांबून. नुसत्या भूकंपासाठी कोणी केबलचा मालक कोर द्यायला तयार नसेल तर त्याला हे दाखवा, त्याचा दुरुस्तीचा खर्च वाचतो हे त्याला लवकर कळतं.

तुटल्यावर जॉइंटवाला भाऊ येतो, मधे १०-१५ मीटरचा नवा तुकडा टाकतो, नेट सुरू होतं, सगळे खूश. तुमचे मात्र त्याच्या पुढचे सगळे चॅनल सरकलेले असतात. म्हणून त्या भावाचा नंबर तुमच्याकडं आणि तुमचा त्याच्याकडं पाहिजे, जोडल्याबरोबर त्यानं कळवायचं की कुठं आणि किती मीटर टाकली. त्याच दिवशी ओटीडीआर मारा, जॉइंटच्या अलीकडं-पलीकडं दोन-तीन ठिकाणी घणाचे ठोके मारून या, चॅनल नकाशात तारीख टाकून नवीन आकडे लिहा, आणि जुना नकाशा फेकू नका, तुटायच्या आधीचा डेटा वाचायला तोच लागतो.